मिल गप्प होते तेव्हा

प्रिय मिस्त्रीसाहेब,

लग्नाला इतकी वर्षं झाली आणि तुला पहिलं पत्र आज लिहितेय, तेव्हा पाणी पिऊन, नीट बसून वाच. फोन तू उचलत नाहीस. उचललास तर कामात आहे म्हणून ठेवून देतोस आणि मग दोन शब्दांचा मेसेज टाकतोस. मागची सुट्टी बुडवलीस, त्याच्या आधीचीही बुडवलीस. मला तू घरी हवा आहेस. आडवळणाने बोलणं मला कधी जमलं नाही, म्हणून हे आधीच लिहून टाकलं. बाकीच्या गप्पा आता सावकाश.

आई ठणठणीत आहेत, गुडघा सोडला तर. तुझी खोली रोज झाडतात आणि मी झाडली की पुन्हा झाडतात. आणि हो, घरात कुत्रा आलाय. तुझ्याच परवानगीने म्हणे! लेकीने फोनवर विचारलं आणि तू हो म्हणालास. मी तिला फैलावर घेतलं तेव्हा कळलं, की त्याआधी तिने सायकलही मागून घेतली होती आणि गणिताची शिकवणी सोडायलाही तुझा होकार मिळवला होता. बाबा हल्ली सगळ्याला हो म्हणतो, हे कार्टीच्या बरोबर लक्षात आलंय. कुत्रा माझ्या चपला चावतो आणि तुझ्या खुर्चीत झोपतो. त्याला उठवायला गेलं तर असा बघतो, जणू मीच पाहुणी आहे.

कारखान्यात सध्या माझी धावपळ चालू आहे. खाणीतून येणारा दगड ओला, मातीने माखलेला. दळायच्या मिलच्या तोंडाशी तो चिकटून बसतो आणि आत गेला की दगड-पाण्याची स्लरी अशी घट्ट होते की दळणारे लोखंडी गोळे तिच्यात रुतून बसतात. नवा सुपरवायझर माणूस चांगला आहे, पण घाईचा. माल वाढवा, माल वाढवा, एवढंच त्याचं चालू. गेल्या आठवड्यात मी त्याच्यासमोर दगड कमी केला, पाणी वाढवलं आणि बाहेरच्या जाळीवर साचलेला गाळ धुऊन काढला. बिचारा घड्याळाकडे बघत उभा राहिला. मिल मोकळी झाल्यावर मात्र त्यानेच माझ्यासाठी चहा आणला. बंद करतानाही मी तू शिकवलंस तसंच करते. आधी दगड थांबवायचा, पाणी चालू ठेवायचं, बाहेर नितळ पाणी येईपर्यंत मिल फिरू द्यायची. भरल्या पोटी मिल थांबवली तर आतला माल दगडासारखा बसतो आणि मग फावडी घेऊन आत उतरावं लागतं. हे सगळं मला रोज तुला सांगायचं असतं रे. घरी येऊन सांगते कोणाला? कुत्र्याला.

मी कारखान्यात नवीन होते तेव्हाचं आठवतं? मला वाटायचं, एवढा धडधडाट म्हणजे मिल आता फुटणार. तू हसलास. म्हणालास, ती ओरडतेय तोवर खुशाल डबा खा, गप्प व्हायला लागली की धाव. आतले गोळे दगडावर आपटतात तोवर आवाज येतो, पोट गच्च भरलं की आवाज दबतो, आणि तिथून तुंबायला वेळ लागत नाही. तू कानांवरचं झाकण काढून, डोळे मिटून मिलच्या बाजूला उभा राहायचास. मी ओरडायचे, झाकण घाल म्हणून. तू म्हणायचास, कान झाकून कोणी गाणं ऐकतं का! काय तो तोरा! मला राग यायचा आणि मी तुझ्याकडेच बघत बसायचे. खरं सांगू, त्या उभ्या राहण्यावरच मी भाळले. तो राग आता पुन्हा येतो, पण वेगळा येतो.

मग तू त्या लांबच्या खाणीवर गेलास. मोठी मिल, मोठा पगार. मीच बॅग भरून दिली होती, त्याबद्दल तक्रार नाही. पहिलं वर्ष तू रोज फोन करायचास. तिथल्या मिलचं घरघरणं ऐकवायचास आणि मी दळण कसं चाललंय ते ओळखायचं, असा आपला खेळ. नंतर फोन लहान होत गेले. आईंचे डोळ्यांचे डॉक्टर वारले, तेव्हा मी तुला रडत सांगितलं आणि तू म्हणालास, वा, छान झालं. त्या रात्री मला झोप लागली नाही. मग काय, मनात नाही नाही ते येऊ लागलं. तिथे कोणीतरी आहे, असं मी ठरवूनच टाकलं. तिला मी मनात उंच केलं, गोरी केलं, चांगला स्वयंपाक करायला लावला. आरशात बघून स्वतःशीच भांडले. तुझा जुना शर्ट फाडून त्याची फडकी करायला घेतली होती, पण कात्री चालली नाही. आता तोच घालून झोपते. हसू नकोस.

आणि परवा तुमचा क्रेनवाला जाड्या सुट्टीवर आला. खाऊनपिऊन झाल्यावर मजा म्हणून सांगू लागला, की तुझ्या पाळीत मोठी मिल तुंबली. दगड आत जातो त्याच तोंडातून स्लरी उलटून आली, सगळे धावले, आणि तू तिच्याशेजारीच, पाठ करून शांतपणे हात पुसत होतास. कोणाला लागलं नाही, पण आत बसलेला माल काढता काढता सगळ्यांचा जीव मेटाकुटीला आला. तुला मिलवरून काढून स्टोअरमध्ये बसवलं. तू साहेबांना सांगितलंस, उभ्या उभ्या डुलकी लागली. जाड्या पोट धरून हसला. आईसुद्धा हसल्या. मी भांडी घेऊन आत गेले. तुला पाळीवर डुलकी? लेकीला ताप होता तेव्हा तीन रात्री न झोपता तू कामावर गेलेला आहेस.

तुला ऐकू येत नाही. हे मला त्या भांड्यांपाशी उभं असताना कळलं आणि मी नळ सोडून रडले. झोपाळू म्हणवून घेतलंस, पण हे सांगितलं नाहीस, मलासुद्धा नाहीस! म्हणून हे पत्र. फोनवर तू पुन्हा हो हो म्हणाला असतास. आता नीट वाच. कानांच्या डॉक्टरांची वेळ मी घेतली आहे. इथल्या मिलला आता मीटर बसलाय, पोट गच्च भरायला लागलं की काटाच दाखवतो, कान लावावा लागत नाही, आणि सुपरवायझरला ज्याने मिल आतून बाहेरून पाहिलीय असा माणूस हवाय. पण ते राहू दे. तू मिलला हात लावला नाहीस तरी मला चालेल. तू येत नाहीस, म्हणून मीच तुला न्यायला निघालेय, रविवारी सकाळच्या गाडीने. स्टेशनवर जिन्याजवळ उभा राहा आणि गर्दीत शोधत बसू नकोस. मी मागून हाक मारणार नाही, अगदी समोरून येईन.

तुझीच,
भांडकुदळ