ओठाच्या वर सरकलेलं

७ नोव्हेंबर
परतवाड्याच्या लग्नात निवेदन केलं होतं, त्याचा व्हिडिओ आला आज. दोनदा पाहिला. मग आवाज बंद करून पाहिला.
कॅमेरा बाजूने येतो तिथे माझा वरचा ओठ ओठासारखा दिसत नाही. संपायला पाहिजे तिथे संपतच नाही. नाकाखाली फुगीर पट्टा, त्यावर सावली. मिशी असल्यासारखी.
ओठांचं लायनर जास्त वर गेलं असेल.

८ नोव्हेंबर
लायनर नाही. तोंड धुऊन खिडकीपाशी आरसा घेऊन बसले. ओठाच्या काठाच्या वर बोटाने दाबलं की मऊ गादी लागते. आणि खुद्द ओठ पहिल्यापेक्षा बारीक. मग सुईने भरलेलं गेलं कुठे?
संदीपला विचारलं. पेपरातून डोकं वर न काढता म्हणतो, "लय दिवसांपासून दिसते तसं."
"मंग सांगतलं काहून नाई?"
"तुले राग येते."
नवरा असून गप्प बसला. लय दिवस.

१० नोव्हेंबर
नीलिमाताईंना फोन लावला. जठारपेठेत पार्लर आहे त्यांचं, अकोल्याला. ओठ त्यांनीच भरले माझे. गेल्या लग्नसराईच्या आधी एकदा, मग या उन्हाळ्यात परत. स्टेजवर तोंड भरल्यासारखं दिसावं, एवढंच हवं होतं मला. दिसलंही. सगळ्यांनी विचारलं, काय केलं गं.
ताई हसल्या. "विरघळून राहिलं असंन वं. अजून थोडं भरू, शेप येते बरोबर. ये तू."
किती सहज म्हणतात. बरं वाटलं खरं तर.

१३ नोव्हेंबर
एसटीने अकोला. खुर्चीत बसले तर ट्रेमध्ये सुई भरून तयार. मी काही बोलायच्या आतच.
ताईंनी पांढरी पेन्सिल घेतली, ओठाची कड आखली आणि आरसा धरला. कड त्या फुगीर पट्ट्याच्या वरून काढलेली. जवळजवळ नाकाखाली.
म्हटलं, "ताई, माह्या ओठ इथं नव्हता."
"आता हाच तुह्या ओठ. याच्यातच भरू."
औषधाचा खोका दाखवा म्हटलं. तर म्हणे, "तुले काय समजते त्याच्यातलं?" आवाज तोच, गोड. पण हात माझ्या हनुवटीखाली घट्ट.
उठलेच. पेन्सिल न पुसता रस्त्यावर आले. रुमाल बांधून माहेरची, अकोटची गाडी पकडली.
आई भाजीबाजारात बसली होती, पुढ्यात मेथी आणि शेवंतीचा ढीग. रुमाल काढला तशी उभी राहिली.
"कोणं मारलं तुले? संदीपनं हात उचलला?"
नाही नाही म्हणत सगळं सांगितलं. गिऱ्हाईक मेथी मेथी करत होतं, आईला ते ऐकूच आलं नाही. शेवटी एवढंच विचारलं, "निंघते का मंग ते?"
माहीत नाही, आई.

१८ नोव्हेंबर
इथे घराजवळ, अमरावतीतच त्वचेच्या डॉक्टर मिळाल्या, कमी बोलणाऱ्या बाई. दिवा लावून पाहिलं, दोन बोटांत ओठ धरून पाहिला. पापा म्हणा, मामा म्हणा, म्हणाल्या. लहान मुलासारखं म्हटलं.
"फिलर, म्हणजे भरलेलं औषध, सरकलंय. ओठातून निघून वरच्या कातडीखाली बसलंय. विरघळलं वगैरे काही नाही. यावर अजून भरलं असतं तर तेही वरच गेलं असतं."
त्या पांढऱ्या रेघेची आठवण झाली.
काय भरलंय ते विचारलं. मला माहीत नाही. स्वतःच्या तोंडात काय आहे ते माहीत नाही, हे मोठ्याने सांगावं लागलं.
नेहमीचं फिलर असेल तर त्याला विरघळवणारं इंजेक्शन आहे. दुसरंच काही असेल तर त्याने ते जाणार नाही. आधी सोनोग्राफी.

२१ नोव्हेंबर
ओठाची सोनोग्राफी. पोटाची करतात तसंच थंड जेल. पडद्यावर उजवीकडे काळी डबकी, डावीकडे पांढरं धुकं. डॉक्टर धुक्यापाशी थांबल्या. मागे घेतलं, परत पाहिलं.
"डबकी नेहमीच्या फिलरची वाटतात. हे डावीकडचं वेगळं दिसतंय. नुसतं पाहून छातीठोक सांगता येणार नाही."
दोनदा भरलं होतं. म्हणजे दोन वेगळी औषधं? ताईंना मेसेज टाकला. वाचला. उत्तर नाही.

२५ नोव्हेंबर
विरघळवायचं औषध आधी हातावर थोडं टोचून पाहिलं, रिअ‍ॅक्शन येते का म्हणून. आली नाही. मग ओठात. आग आग झाली. घरी येईपर्यंत तोंड सुजून बाहेर. संदीपने गाडी हळू चालवली, एकही खड्डा लागू दिला नाही. घरी आल्यावर म्हणतो, "मी पयलेच बोलाले पायजे होतं." जेवलो नाही दोघंही.

२९ नोव्हेंबर
सूज उतरली. उजवी बाजू सपाट! माझा जुना ओठ. रडले.
डावी बाजू जशीच्या तशी. उलट आत तुरीच्या दाण्याएवढं काहीतरी कडक लागतं. पूर्वी सुजेत लपलं होतं की काय.

४ डिसेंबर
साखरपुड्याचं निवेदन. "मान्यवर" म्हणताना म मिटेना. डाव्या बाजूने हवा निसटते. पुढच्या रांगेतली बाई माझ्या तोंडाकडे पाहत होती. बाकीचं कसंबसं उरकलं.
कार्यक्रमानंतर नवरीने विचारलं, तुम्ही ओठ कुठे केले, मलाही करायचे. सांगितलं तिला सगळं. पार्लरचं नावही. लिपस्टिक पुसून डावी बाजू दाखवली. तिच्या मैत्रिणीही होत्या.

६ डिसेंबर
दुसरं इंजेक्शन. दाणा हललाही नाही. डॉक्टर म्हणाल्या, दुसऱ्या वेळचं औषध कोणतं ते कळलं तर फार बरं. नाहीतर कापून काढायचा विचार करावा लागेल, आणि ओठ कापणं सोपं नसतं.
ताई फोन घेत नाहीत.

९ डिसेंबर
आज घेतला. म्हणजे त्यांनीच केला.
"अकोल्यात माह्यं नाव खराब करून राहिली तू. त्या साखरपुड्याच्या पोरीनं सगळ्या ग्रुपवर टाकलं."
"ताई, फक्त औषध कोणतं ते सांगा."
"सांगत नाई. दाखवतेच. तेच औषध माह्याच ओठात घेते आज, साऱ्या जगासमोर. मंग पाह्य काय होते ते."
नका ना म्हणेपर्यंत फोन बंद.
दुपारी मोबाईलवर व्हिडिओ. खरंच घेतलं. आरशात बघून स्वतःच्या हाताने. हसत कॅमेऱ्याकडे वळल्या, "पाहा, झालं काई?"
वरच्या ओठाच्या बाजूला कातडी पांढरी पडली होती. उजेडामुळे असेल. मागे नेऊन पाहिलं. सुई टोचायच्या आधी पांढरी नव्हती.
फोन लावला. परत लावला. मेसेज केला, ताई, डॉक्टरकडे जा, आत्ता जा. वाचलाच नाही.

१० डिसेंबर
डॉक्टरांच्या बाहेरच्या बाकावर बसून मोबाईलमध्ये लिहितेय.
सकाळी बेल वाजली. दारात नीलिमाताई, तोंडाला ओढणी. अकोल्याहून पहिल्या गाडीने. ओढणी सोडली तर ओठ राखेच्या रंगाचा आणि वर नाकापर्यंत जांभळी जाळी.
"दुखून राहिलं वं. कालपासून. आता तं दुखतबी नाई."
संदीप दाराआडून म्हणाला, "हिले कशाले घरात घेते?" मी चप्पल घातली. तोही चावी घेऊन निघाला मग.
डॉक्टरांनी पाहिलं आणि आवाज चढला. "काल तासाभरात यायला पाहिजे होतं. रक्त अडलंय. काय टोचलं?"
ताई ओढणी परत तोंडावर घ्यायला लागल्या.
"काय टोचलं?"
"पार्सलनं येते. बाटलीले लेबल नसते."
मी विचारलं, "मले दुसऱ्यांदा तेच?"
ताईंनी माझ्याकडे पाहिलं नाही. "तेच."
डॉक्टरांनी विरघळवायचं औषध भरायला सांगितलं, भरपूर. मोठ्या दवाखान्यात फोनही लावला. मला म्हणाल्या, थांबा इथेच. यांच्यात विरघळलं तर तुमचंही कळेल. नाही विरघळलं तरी कळेल.
ताईंनी माझा हात धरला होता. मी सोडवून घेतला नाही. डॉक्टर टोचायच्या, थांबायच्या, ओठावर बोट दाबून उचलायच्या आणि पाहायच्या. दाबलेल्या जागी रंग परत आला पाहिजे म्हणे. मीही पाहत होते.
पांढरं. परत दाबलं. पांढरं.
मग मला बाहेर बसवलं. दार अर्धं उघडं आहे. डॉक्टर कोणाला तरी म्हणतायत, "अजून एक सुई भर."