माझ्या मुलाचा काका

ओसाका, ५ मार्च १९६८

ती. सुनॉकताईस तेसूचा सा. न.

शेवटी आईनं स्वतःचंच खरं केलं ना? मी नको म्हणत असताना तेइलदादाचं लग्न लावलंच. मी पोटात असताना समुद्रात बुडालेला पोरगा तो. आता त्याला बायकोही झाली, तीही मेलेलीच, गोवरानं. तिच्या वडिलांचं मला पत्र आलंय, 'जावईबापूंच्या धाकट्या भावास' म्हणून. जन्मल्यापासून घरचा थोरला होतो, एका दुपारीत धाकटा झालो.

वर आई म्हणते, गिचॉलला दादाच्या नावे दत्तक दे. माझा एकुलता एक. तिला सांग, मेलेल्याला मी पोर देणार नाही. गिचॉल मजेत आहे, फक्त बोलत नाही अजून. मी रबरी चपलांचे तळ चिकटवतोय, डोकं दुखतं.

राग धरू नकोस.
तेसू

जेजू बेट, कोरिया, २ एप्रिल

चि. तेसूस आशीर्वाद.

तुझी जीभ काही मऊ होत नाही. लग्न लागलं आणि व्याही खरेच झाले बघ. खारवलेले मासे पाठवतात, आपल्या जवाच्या शेतात राबून जातात. गाव आईला 'तेसूची आई' म्हणायचं, आता 'तेइलची आई' म्हणतं. ती लगेच ओ देते. परवा मीच चुकून तेसूची आई म्हटलं, तर मागे वळून पाहायला लागली, दुसरी कुणी आलीय का म्हणून.

आणि रागावू नकोस, थोरल्या चुलत्यांनी वंशावळीत गिचॉलला तेइलखाली लिहिलं. पोर तुझ्याकडेच राहील. फार तर तुला काका म्हणेल. आपल्याकडे कुणाला काका म्हणत नाहीत? बाई असो की बुवा, बेटावर मोठ्या माणसाला काकाच; मासेवाल्या म्हातारीलाही म्हणतात.

जिवाला जप.
तुझी ताई

ओसाका, ३० एप्रिल

ती. ताईस सा. न.

तुझं पत्र यायच्या आधीच गिचॉल बोलला. मला काका म्हणाला. बायको हसली, म्हणाली, आपल्या गावची माणसं शेजारी आहेत, ऐकलं असेल. मीही हसलो.

पण माझ्याकडून खाऊ घेताना तो दोन्ही हात पुढे करून वाकतो, पाहुण्याकडून घ्यावा तसा. जेवताना बाप चमचा उचलेपर्यंत पोरानं थांबायचं, हे त्याला आम्ही अजून शिकवलेलं नाही. तरी तो थांबतो. मी जेवायला लागलो तरी शेजारच्या रिकाम्या आसनाकडे बघत बसतो. मग 'बाबा' म्हणतो, आणि कुणी सुरुवात केल्यासारखा चमचा उचलतो.

काल माझाही हात थांबला. थोरल्याच्या आधी कसं जेवायचं?

आता कुणाला काही बोलू नकोस. माझ्यावरची माया तेवढी असू दे.

तेइलच्या आईला, धाकट्याकडून, तीन हजार येन.