उलटी वेणी

१९ ऑक्टोबर १९७२, वाई

खंबाटकी घाटात फियाट तापली. हे बॉनेट उघडून उभे, मी दगडावर. सोनकीची पिवळी फुलंसुद्धा यंदा तुरळक. पाऊसच नाही झाला.

"हवापालट होईल तुला," म्हणतात. खरं कारण दोघांनाही ठाऊक आहे. आमचा सयाजी गेल्या डिसेंबरात युद्धात पश्चिम सीमेवर बेपत्ता झाला, आणि आता सरकारी पत्र — 'मृत समजावे'. समजावे! बीजगणितात क्ष समजावा तसं. परतताना माहुलीच्या संगमावर दर्भाचा पुतळा करून त्याचं सगळं करायचं. ह्यांनी गुरुजींकडून २६ तारीख ठरवूनही घेतली. मी हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही.

दुपारी मेणवलीचा घाट. सात वर्षांचा सयाजी त्या मोठ्या घंटेखाली उभा राहून "आई" म्हणून ओरडला होता, घंटेत आवाज घुमतो का पाहायला. आज मी तिच्याखाली उभी राहिले. तोंड उघडलंच नाही.

२० ऑक्टोबर, पाचगणी

माझी शाळा. सुटीमुळे फाटक बंद. सिल्व्हर ओक मात्र तसेच. इथेच सिस्टर ॲग्नेसनी माझ्या हातात सुया दिल्या. "चुकलं की उसवायचं, मुली. लपवायचं नाही."

सयाजीच्या हिरव्या स्वेटरमध्ये छातीवरच्या वेण्यांच्या नक्षीतली एक वेणी मी उलटी वळवली होती. लक्षात आलं तेव्हा खांद्यापर्यंत पोचले होते. उसवायला घेतला तर त्याने हातातून काढून घेतला — "राहू दे गं आई. हरवला तर ओळखू तरी येईल!"

२१ ऑक्टोबर, सातारा

अजिंक्यताऱ्यावर जायचं होतं. नाही गेलो. आधी नाथाजीकडे गेलो.

जखमी कैद्यांच्या अदलाबदलीत पाकिस्तानातून परत आलेला जवान. एक पाय गुडघ्यापासून नाही. ह्यांनी अशा सगळ्यांना पत्रं घातली होती, उत्तर एकट्या नाथाजीचं आलं. अंगणात बाज टाकली, चहा केला.

"पायाचं म्हणाल तर एका बुटाचा खर्च वाचला, बाईसाहेब!" म्हणाला आणि स्वतःच हसला.

मी सयाजीचा फोटो दिला. त्याने फिरवून फिरवून पाहिला.

"तिकडं इस्पितळात माझ्या बाजूच्या खाटंवर एक आपला जवान हुता. जबड्याला गोळी. बोलता येत न्हवतं, तोंड सगळं पट्ट्यांत. नाव कुणालाच ठावं न्हाई. पर स्वेटर ध्येनात हाय. हिरवा. धा दिवस नुसता त्योच बघत पडलो. छातीवर एक येणी उलटी हुती."

मी काही सांगण्याआधीच म्हणाला! उलटी वेणी — आपणहून!

हे उठून गोठ्याकडे गेले. परत आले तेव्हा डोळे लाल.

२२ ऑक्टोबर, सांगली

कृष्णाकाठी ऊस हिरवागार. गणपतीच्या देवळात बराच वेळ बसले. बाजारात हिरवी लोकर घेतली, सहा गुंड्या. हे म्हणाले, "गुरुजींना नको म्हणून कळवू?" मी मानेनंच हो म्हटलं.

२३ ऑक्टोबर, जतहून परत

इकडे हिरवं काही म्हणून नाही. ज्वारी वितभर येऊन वाळलेली. रस्त्याच्या कडेला माणसं दुष्काळी कामावर खडी फोडत होती.

त्यातच हरणाबाई भेटली. तिचा मुलगा बिराप्पा पलटणीत सयाजीच्या हाताखाली, त्याचा सहायक. तोही त्याच रात्रीपासून बेपत्ता, त्याच्याही घरी तसंच पत्र. तिला भेटणं आपलं काम आहे, असं हे म्हणत होते. हे पंक्चर काढायला गेले, मी तिच्या खोपटात बसले.

"मेंढरं इकली, ताई. ही बिराप्पासाठी इणून घेतल्याली घोंगडी तेवढी ऱ्हायलीया." मग पत्र्याच्या डब्यातून बिराप्पाचं शेवटचं पत्र काढलं. "वाचा की. आमचा मास्तर म्हैस हाकल्यागत वाचतुया."

मी वाचू लागले. अर्ध्यावर थांबले.

"का थांबलासा?"

"अक्षर पुसट आहे."

"पुसट कसलं! मला समदं पाठ हाय." आणि डोळे मिटून म्हणाली, "मला ताप आला तवा सायबांनी अंगातला हिरवा स्वेटर काढून दिला. म्हणले, आईनं इणलाय, जपून वापर." डोळे उघडले. "तुमच्या ल्योकाचंच हाय ह्ये. म्हनून तर तुमाला वाचाया दिलं."

त्या खाटेवर बिराप्पा आहे. सयाजी नाही.

मी पाणी प्यायले. "येते" म्हणाले. गाडीत बसले.

२४ ऑक्टोबर, सांगली

बोलले नाही. ना तिच्याशी, ना ह्यांच्याशी. मी सांगितलं नाही तोवर तो स्वेटर सयाजीच्याच अंगात आहे. सकाळी दहा ओळी विणल्या. संध्याकाळी उसवल्या.

ती मात्र तिकडे खडी फोडते आहे, आणि तिचा मुलगा जिवंत असेल.

२५ ऑक्टोबर

न्याहारीला ह्यांना सांगितलं. ह्यांनी गुरुजींना 'उद्या येतो' अशी तार केली आणि गाडी पुन्हा जतकडे घेतली.

हरणाबाई कामावरच होती. मी सांगितलं — नाथाजी, इस्पितळ, खाट, स्वेटर. हेही सांगितलं, की त्याने चेहरा पाहिलेला नाही. तिने हातोडी खाली ठेवली. "बोलाया येत न्हाई? न येऊ द्या. हाय न्हवं!" मग माझ्याकडे पाहिलं. "आन् ताई, तुमचा—" घरी पळत जाऊन घोंगडी घेऊन आली आणि माझ्या हातात दिली.

उद्या माहुली. पुतळ्यावर ती मी घालीन. पहाटे नदीवर थंडी असते.