रविवारचा काळा ठिपका

कुंभारवाडा,
सोमवार

प्रिय श्वेता,

पाकिटावरचं अक्षर ओळखून तू हे पत्र न फोडताच ठेवून देशील, अशी मला शंका आहे. तसं करू नकोस. तुझी सगळी खाती बंद आहेत आणि फोन लागत नाही, म्हणून कागदावर लिहितेय. उद्या सकाळच्या बसच्या कंडक्टरकडे देईन, तो रामनगरला तुमच्या दुकानात टाकेल. परीक्षेचा अर्ज भरायला शुक्रवार शेवटचा दिवस आहे. तू आली नाहीस तर तुझं एम.ए.चं वर्ष जाईल, आणि ते माझ्यामुळे जाईल.

काल मी तुमच्याकडे आले होते, हे तुला कळलं असेल. तुझ्या आईनं दार अर्धंच उघडलं. “श्वेता घरात न्हाई,” म्हणाल्या. तुझ्या निळ्या चपला उंबऱ्याशीच होत्या. मी चपलांकडे बघतेय हे त्यांनी पाहिलं आणि म्हणाल्या, “आणि काय शोधायला आलीस? फोटो काढायचाय?” संशयाची अशी सवय लागलीय की आधी चपला दिसतात, समोरच्या माणसाचा चेहरा मागाहून.

ही सवय कशी लागली ते तुला पूर्ण माहीत नाही. बेळगावला आल्यावर मी फोटो टाकायचं ते खातं उघडलं, तेव्हा घरी बजावलं होतं की तुमच्यापैकी कुणी तिथं यायचं नाही. वहिनीला म्हटलं, तिथं माझे प्राध्यापक असतात. खोटं होतं. तिथं मी होते, पण फोनवर अंगठ्यानं गाल उजळ करून घेतलेली. तू हसायचीस, “यमुना, तुझ्या फोटोला चुना कुणी लावला गं?” तेव्हा मीही हसायचे. मनात मात्र ते वाक्य जपून ठेवलं, पुराव्यासारखं.

मग तो ठिपका यायला लागला. ना नाव, ना चेहरा, नुसता आकडा आणि झेंडूच्या फुलाचं चित्र असलेलं एक खातं. माझ्या प्रत्येक फोटोखाली एक काळा, गोल ठिपका. शब्द एकही नाही. लोक बदाम टाकत, कौतुक करत, आणि मला त्या सगळ्यांत फक्त तेवढंच दिसे. काळी. दीडशे जणांनी सुंदर म्हटलं तरी मी त्या एका ठिपक्याशी भांडत बसे. वर्गात भाषण रंगभेदावर द्यायचं आणि खोलीवर येऊन गाल आणखी उजळ करायचा, असं माझं चाललं होतं.

मी पाळत ठेवायला लागले. ठिपका फक्त रविवारी यायचा. तू शनिवारी रामनगरला जायचीस, सोमवारी परतायचीस. ज्या रविवारी ताप होता म्हणून तू खोलीवर राहिलीस, त्या रविवारी ठिपका आला नाही. मला आणखी काय हवं होतं? तू फोन बघून हसलीस की मी मागून डोकवायचे. आंघोळीला गेलीस की फोन उचलून कुलूप उघडतंय का बघायचे. हो, हेही केलं. एकदा तू आईनं दिलेले तांदळाचे लाडू माझ्यापुढे ठेवलेस, तर वाटलं, हिला कशाची तरी टोचणी लागलीय.

आणि मग तुझा फोटो लावून मी ते सगळं लिहिलं. ‘माझ्या रंगावर रोज हसणारी माझीच खोलीसोबती.’ किती पुढारलेलं वाटलं होतं ते लिहिताना! घरातली पहिली पदवीधर मुलगी अन्यायाविरुद्ध उभी राहतेय, असं. दोन दिवसांत हजारो लोकांनी तुला बघितलं. त्यांनी जे लिहिलं ते तू वाचलंस, आणि तू वाचतेयस हे मी समोरच्या पलंगावरून बघत होते. “यमुना, मी न्हाई केलेलं,” एवढंच तू म्हणालीस. मला वाटलं, कसं छान नाटक करते.

काल तुमच्या दारातून परतले आणि पहिल्यांदाच चालत गोवा रस्त्याला गेले. रविवारी गोव्याच्या गाड्या जास्त असतात, म्हणून आई आणि सुनयना वहिनी तिथं कंदांची टोपली घेऊन बसतात, आणि वहिनीच्या फोनला रेंजही तिथंच मिळते. बेळगावच्या बसमधून जाताना मी नेहमी पलीकडच्या खिडकीशी बसायचे, कुणी ओळख दाखवू नये म्हणून. मी येतेय हे त्यांना ठाऊक नव्हतं. दोघी वहिनीच्या फोनवर वाकल्या होत्या. लोकांनी धीर दिला म्हणून मी नवा फोटो टाकला होता, तो त्या बघत होत्या. आई म्हणत होती, “लय उजळ दिसायलीय आज. लाव, लाव लवकर.” मातीनं भरलेलं बोट आईनं पदराला पुसलं आणि वहिनीनं दाखवलेल्या जागी टेकवलं. माझ्या हातातला फोन वाजला: नव्या फोटोखाली काळा ठिपका.

गेल्या महिन्यात एक रविवार का चुकला, विचारलं. त्या दिवशी पूल पाण्याखाली होता म्हणे, बस आलीच नाही. आई अजिबात ओशाळली नाही. “एवढी माणसं बघत्यात म्हणतीस. मग तीट नको व्हय? तू लहान होतीस तवा गालाला लावायची. आता गाल हाताला लागत न्हाई, म्हणून तिथं लावती.” वहिनी खाली बघून म्हणाली, “तुम्ही येऊ नका म्हणाला होता, म्हणून नाव घातलं न्हाई.”

श्वेता, आज मी ज्या खात्यावर तुझं नाव घेतलं तिथंच खरं लिहिलं. आईचा टोपलीसकट फोटो लावला, चुना न लावता. तुझ्याविषयी लिहिलेलं जितक्यांनी वाचलं, त्याच्या शंभराव्या हिश्शाइतक्याही लोकांनी हे वाचलेलं नाही, आणि वाचणार नाहीत हे मला कळतं. म्हणून गुरुवारी वर्गातही उभी राहून सांगणार आहे. तू माफ कर असं लिहायला बसले नव्हते. काल मी आईला सगळं सांगितलं, तू कोण, मी काय केलं. ती कंदांची माती खरवडत होती. मग विचारलं, “त्या पोरीला हजारांनी बघितलं. तिला कुणी तीट लावली?” त्या प्रश्नासाठी हे पत्र. खाली कोपऱ्यात काळा डाग दिसेल. तो शाईचा नाही, पुसू नकोस. काजळात बुडवून आईनं आपलं बोट टेकवलंय. अर्ज भरायला ये.

ज्या मुलीवर तू संशय घ्यायला हवा होतास, आणि घेतला नाहीस, ती तुझीच,
यमुना