हसऱ्या फोटोचा पुरावा

तीर्थस्वरूप आप्पांस, धाकट्या हिराचा साष्टांग नमस्कार.

इकडे सगळं ठीक. तुमचा समर्थ कॉलेजात येता-जाता दिसतो. वहिनींचे गुडघे काय म्हणतात? तुमचं ब्लडप्रेशर गोळीने उतरलं, की उसाला तोड आल्यावरच उतरायचं आहे? (फोनच केला असता, पण तुम्ही तो स्पीकरवर ठेवता आणि अख्खं मांजरी गाव ऐकतं.)

आमच्या सदाशिव पेठेतल्या कॉलेजात मूल्यांकन समिती येणार आहे. मुलांच्या मनाची आपल्याला काळजी आहे, हे तिला दिसायला हवं. म्हणून प्राचार्यांनी 'ऑनलाइन ताणमुक्ती कक्ष' काढला आणि संयोजक मला केलं, कारण मी सभेत शांत असते. (डुलकी लागते, हे त्यांना माहीत नाही.) मुलांनी मोबाइलवर नाव न सांगता लिहायचं, आपण धीर द्यायचा, सगळं गोपनीय. मला कल्पना मनापासून आवडली. मग सरांनी पुरावा मागितला: लाभार्थ्याचा हसरा फोटो, खाली जागा आणि वेळ छापलेली. गोपनीयतेचं विचारलं, तर म्हणाले, "अहो मॅडम, फोटोही गोपनीयच. फक्त अहवालात आणि वेबसाइटवर."

साहजिकच कुणी फिरकेना. तेव्हा प्रत्येक विभागाने ताणग्रस्त विद्यार्थी पाठवावेत, असं परिपत्रक निघालं. न येणाऱ्याची हजेरी कापणार म्हटल्यावर मुलांना खराच ताण आला. नाटकातली शेफाली तर इतकं सुरेख रडली, की सरांनी तिला समितीसमोर पुन्हा रडायला सांगितलंय.

या सोंगांत एकाने मात्र खरोखर लिहिलं. नापास झालोय, घरी सांगायची छाती होत नाही, वडील समोर बसले की घास उतरत नाही. नाव त्याने सांगितलं नाही. मला कळायचं ते कळलं. आम्ही रोज बोलतो. आता तो थोडा झोपतो. सरांना नेमका त्याचाच फोटो हवाय. मी साफ नाही म्हटलं. बढती अडली तर अडू दे. पोर कोण, हे मी कुणाच्या बापाला सांगणार नाही.

वहिनींना नमस्कार.

आपली,
हिरा

ता. क. रविवारी जेवायला येते. समर्थसमोर निकालाचा विषय काढू नका. तो आपणहून बोलला, तर मध्ये न बोलता ऐका. एवढ्यासाठीच हे पत्र.

ता. ता. क. मला कुणी काही सांगितलेलं नाही आणि तुम्ही मला काही विचारायचं नाही. दहावीला उडालात तेव्हा तुम्ही दोन दिवस उसात लपून बसला होतात. भाकरी मी आणत होते. बाबांना अजून माहीत नाही.