दहावं झुरळ

चैत्र शुद्ध ४, शके १७८६. अमरावती.
मुलगी झाली! परवा, अकोल्याला, सुभद्रेच्या माहेरी. बारसं तेरसेला आहे. रजा मागितली तर साहेब म्हणतो, आधी वऱ्हाडातल्या झुरळांच्या दहा जाती पुऱ्या कर, विलायतेला यादी धाडायची आहे. माझ्याकडे नऊ आहेत. मोडी गिरवून गिरवून बोटं झिजवली ती याचसाठी.

शुद्ध ६.
सगळं गाव कापूस कापूस करतंय आणि मी झुरळ झुरळ. पागा, चावडी, लाकडांची वखार — सगळं पालथं घातलं. पुन्हा तीच नऊ. अकोल्याला जायला गाडी मिळेना, सगळ्या कापसात गुंतल्यात. एकटा अब्दुल गफ्फार गाडीवान हो म्हणाला. "दशमीले सकाळी निघून राहिलो. तुमच्यासाठी थांबणार नाई."

शुद्ध ८.
सापडलं! बाजारात सरकीच्या ढिगात — पांढरंशुभ्र झुरळ, डोळे तेवढे काळे. बरणीत घातलं. साहेबाने रजेचा कागद लिहवून ठेवला. सकाळी झुरळ बघून सही करणार.

शुद्ध ९.
बरणीत तांबडं झुरळ. नेहमीचंच. घरमालकीण गोदाबाई तोंडाला पदर लावून हसत सुटल्या. "कात टाकली का पांढरंच असते ते. मंग हळूहळू रंग येते. मले इचारलं काहून नाई?"
साहेबाला खरं ते सांगितलं. त्याने कागद खणात टाकला. नऊ म्हणजे नऊ. रडूच आलं मला.
संध्याकाळी गोदाबाईंनी विचारलं, कुठं कुठं शोधलं? सांगितलं सगळं. "अन् सैपाकघर?"
परक्या पुरुषाला कोण बाई चुलीपाशी येऊ देईल? मी कधी विचारलंही नाही. अख्ख्या वऱ्हाडातली झुरळं धुंडाळली आणि ती जिथे सुखाने नांदतात तीच जागा सोडली. शहाणाच मी.
"उंबऱ्याच्या आत येऊ नका," म्हणाल्या, आणि फडकं बांधलेला गडवा बाहेर आणून दिला. आत नखाएवढं झुरळ, पाठीवर दोन काळ्या रेघा. हे माझ्या नवात नव्हतं. गडवा पोटाशी धरून साहेबाच्या बंगल्यापर्यंत पळालो. सही झाली.

शुद्ध १०.
गाडीत बसलो. कपड्यांना सगळीकडे कापूस चिकटलाय. चिकटू दे.

शुद्ध १३. अकोला.
बारसं झालं. मुलगी गोरीपान, अगदी पांढरी. सासूबाई येईल त्या बाईला दाखवतात — "बापावर नाई गेली, देवाची किरपा." मी मान डोलावली.
हळूहळू रंग येईल. माझाच येईल. इथे कोणाला बोललो नाही, पण फार बरं वाटलं.