‘शे’चा बाण

३ डिसेंबर ९८
नरडाण्याची नोकरी सोडली. सुरतेला जायचं होतं. पण म्हटलं, आधी जळगावचं भरीत खाऊ — आणि गाडी उलट्या दिशेची धरली! आता जीवराम नानांकडे मुक्काम. नाना आमच्याच गावचे, दीपनगरच्या वीजकेंद्रात नकाशे काढायचे. रिटायर झाल्यापासून खुर्चीत भिंतीकडे तोंड करून बसतात म्हणे. त्यात त्यांच्या बायकोला, सुमनअक्कांना, अर्धांगाचा झटका. उजवी बाजू कमजोर. डॉक्टरांनी बजावलंय — चालल्या नाहीत तर पाय आखडेल, मग उठणं नाहीच.
दवाखान्यानं वापरायला वॉकर दिलाय. लोखंडी. खाली रबरी बूटसुद्धा नव्हते, बाजारातून कोरे आणून मीच बसवले. अक्कांनी एकदा हात लावला आणि ढकलून दिला. “हा बोकड मी उचलू? त्यापेक्षा यांनाच उचलते!”
नाना हसले नाहीत. पण खुर्ची टेबलाकडे वळवली. स्वतः हलका वॉकर करणार, ॲल्युमिनियमचा. म्हटलं, बघून जाऊ. सुरत कुठं पळते?

६ डिसेंबर, रविवार
नानांचा भाचा रुपचंद पुण्याहून आला. मोटारीचे भाग आखणाऱ्या कंपनीत आहे. त्यानं नानांच्या कॉम्प्युटरवर एक प्रोग्रॅम टाकला — काय चीज आहे! पडद्यावर नुसते डबे. एक डबा पाइपची जाडी बदलतो, पुढचा वजन काढतो, त्यापुढचा भार टाकून किती वाकतं ते सांगतो. डब्यांना बाण जोडायचे. मग कॉम्प्युटर आपला आपण गोल फिरतो — बदल, मोज, परत ये — चांगलं सापडेपर्यंत.
म्हटलं, नाना, हा तर माझ्यासारखाच फिरस्ता!
“त्याले फिरीसन काही सापडस, भो. तुले?”
रुपचंद परत गेल्यावर शेवटचे दोन प्रश्नांचे डबे. मराठी टाइप होत नाही म्हणून नानांनी अहिराणी इंग्रजी अक्षरांत घातली: JAD SHE? आणि MAJBUT SHE? उत्तराचे बाण SHE आणि NAHI — आमच्यात ‘शे’ म्हणजे ‘आहे’. पहिल्याचं सोपं. जड शे — तर परत पहिल्या डब्याकडे. नही — तर पुढे.
नानांचा हात थरथरतो, म्हणून माउस माझ्याकडे. ते सांगत होते, मी जोडत होतो. शेजारी रेडिओवर मॅच चालली होती. काय ओव्हर होती!

९ डिसेंबर
डब्यांत डोकं घालून बसलो होतो, लाइट गेली. नाना म्हणाले, उभा जन्म वीज करण्यात गेला आणि घरात मेणबत्ती! बघतो तर कट्ट्यावर आयता चहा, रोजच्यासारखा. शेजारच्या पुष्पाबाई ठेवून जात असणार. बाई फार चांगली.

११ डिसेंबर
उत्तर आलं! कॉम्प्युटर फार फिरलाही नाही. इतकी पातळ पाइप, इतकं कमी वजन — नाना उठून उभे राहिले. तीन-तीनदा पडद्याला हात लावून पाहिला. मी बघितलंय, असा चेहरा लग्नात नवऱ्याचा होतो.
आजच पाइप कापायला बसलो.

१३ डिसेंबर
वॉकर तयार. करंगळीवर उचलला जातो! अक्का हात पुढे करणार, तर नाना म्हणाले, “आधी तू टेकी पाहाय.”
टेकलो. पाय फाकले, दांडा वाकला, मी थेट भरिताच्या ताटात. अक्का हसून हसून लाल! “मेल्या, जेवायचं होतं तर बसून जेवायचं!”
 नाना मात्र हळूच म्हणाले, “ती टेकती तर?”

१५ डिसेंबर
कॉम्प्युटरवर चादर टाकलीय. नानांची खुर्ची पुन्हा भिंतीकडे. मी पिशवी भरली. दाराशी तिचा बंद बांधत राहिलो, बांधत राहिलो. अक्का म्हणाल्या, “गाठ जमत नाही वाटतं. राहा मग.”
राहिलो.

२० डिसेंबर, रविवार
रुपचंद आला. चादर काढली, पडदा बघितला, कपाळाला आठ्या. पुण्यात वाढलेला.
“मामा, ही SHE कोण? सगळीकडे हीच!”
“शे म्हणजे शे!” नाना ओरडले.
आतून अक्का: “मीच ती! आणखी कोणासाठी चाललंय हे?”
हसलो सगळे. मग रुपचंदनं बाणांवरून बोट फिरवलं आणि थांबला. “जड शे — परत. बरोबर. पण मजबूत शे — तोही परत? म्हणजे चांगला निघाला की हाकलायचा आणि लेचापेचा निघाला की पास!”
रेडिओवरची ती ओव्हर! मी दोन्ही ‘शे’ एकाच डब्याकडे नेऊन जोडले होते. जमीन दुभंगली असती तर उडी मारली असती. वाटलं, आता नाना हाकलणार — लेचापेचाच मी.  नानांनी पाठीत धपाटा घातला. “बठ्ठा ‘शे’ सारखा नही ऱ्हातस रे, येड्या!” सगळे ‘शे’ सारखे नसतात म्हणे! आणि माउस परत माझ्याच हातात दिला.

२५ डिसेंबर
नवा वॉकर. पाइप जरा जाड, पण हलकाच. मी टेकलो, लोंबकळलो, उड्या मारल्या — ढिम्म! मग अक्का. उठल्या. खोली ओलांडली, ओटा, फाटकापर्यंत. तिथे वळल्यासुद्धा! पहिल्याच दिवशी! नाना चष्मा पुसत होते, पुसतच होते.

२७ डिसेंबर
जुना वॉकर दवाखान्यात परत द्यायला उचलला. त्याचे रबरी बूट झिजून खालचं लोखंड दिसतंय. मीच बसवलेले, कोरे!
अक्कांकडे बघितलं. त्यांनी ओठांवर बोट ठेवलं.
“तुम्ही दोघं त्या डब्यांत डोकं घालून बसायचा ना, तेव्हा. चहा काय पुष्पाबाई करत होती?”
मग सांगितलं का नाही?
“सांगितलं असतं तर हे परत भिंतीकडे आणि तू सुरतेला.”

२९ डिसेंबर
सकाळी नानांची खुर्ची अर्धी भिंतीकडे वळली होती. माझी पिशवी दाराशी. नानांनी सहज विचारलं, “काय रे, नवा कसा वाटस? जड शे?”
अक्का चहा गाळता गाळता थांबल्या.
म्हटलं — शे, नाना.